पुसातली हळद

हळदीचा रंग एकदा लागला की माणसाच्या आयुष्यातून जात नाही, असं आमच्याकडचे वक्ते लग्नात सांगतात, आणि वेळ उरला तर सेवानिवृत्तीच्या सत्कारातही सांगतात. ऐकायला बरं वाटतं. पण हळद लागलेलं धोतर उन्हात दोरीवर टाकलं तर दिवस कलेपर्यंत पिवळेपणा उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी डाग शोधावा लागतो. हे माझ्या बायकोला माहीत आहे, गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. वक्त्यांना माहीत नाही, कारण त्यांची धोतरं दुसरं कोणीतरी धुतं.

हे आठवायला निमित्त तुरीचं झालं. परवा बसवकल्याणहून मुडबीला निघालो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर कापणीला आलेली. पानं झडलेली, शेंगा तांबूस झालेल्या, काही रानांत पेंढ्या बांधून उभ्या केलेल्या. वाळत्या तुरीला एक वास असतो, थोडा धुळीचा, थोडा कच्च्या डाळीचा. बसच्या खिडकीतून तो आत आला आणि मला शिल्पाचा चित्रपट आठवला. चित्रपटाला वास नसतो, हे मला तो निघाला त्या वर्षापर्यंत खरं वाटत होतं.

शिल्पा माझ्या बहिणीची मुलगी. मुडबीची. तिच्या गल्लीतून बारावीच्या पुढे गेलेली पहिली मुलगी. कलबुर्गीला राहून तिने चित्रपटाचं शिक्षण घेतलं. हे शिक्षण म्हणजे नेमकं काय, हे तिच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती विचारणाऱ्यांना 'कॉम्प्युटर शिकायलीय' असं सांगायची आणि विषय मिटायचा. माझं बसवकल्याणात पुस्तकांचं दुकान आहे. पुस्तकांचं म्हणतो ते सवयीने. दुकान चालतं ते दहावी-बारावीच्या गाइडांवर आणि लग्नपत्रिकांवर. आमच्याकडे परीक्षांचा आणि लग्नांचा मोसम एकच. एकाच गल्ल्यावर एका हाताने मी गाइड देतो आणि दुसऱ्या हाताने पत्रिकेचे नमुने पुढे करतो. पुष्कळदा दोन्ही गिऱ्हाइकं एकाच घरची असतात. गाइड मुलासाठी असतं.

शिल्पा त्या वर्षी येळवशीला घरी आली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमचा सगळा मुलूख रानात जेवतो. कडब्याची कोप म्हणजे खोपी उभी करतात, आत पूजा मांडतात, पालेभाज्यांच्या भज्जीवर आणि आंबिलीवर ताव मारतात आणि मग झाडाखाली आडवे होतात. सगळे आडवे झाल्यावर शिल्पा मला म्हणाली, "मामा, पिच्चर करायलीय. शाळा सुटलेल्या पोरींवर. तुमी पोरीचे मामा हाव त्यात."

मी म्हटलं, मी अभिनय करत नाही.

"करू नका की. नुसतं मागं हुबं ऱ्हावा. लग्नात मामा तेवढंच करतोय."

चित्रपटाचं नाव सांगत नाही. त्यात 'उजेड' हा शब्द होता, अशा चित्रपटांच्या नावात तो असतोच. गोष्टही ओळखीची होती. दहावीतल्या मुलीचं लग्न ठरतं, ती बोहल्यावरून उठते आणि परीक्षेला जाते. मी शिल्पाला म्हटलं, आपल्याकडे बोहल्यावरून मुलगी उठलेली मी पाहिलेली नाही. ती म्हणाली, "म्हणून तर दाखवायचंय." जगातली बरीचशी चांगली आणि बरीचशी वाईट पुस्तकं याच कारणासाठी लिहिली गेली आहेत.

नवरी म्हणून तिने अंबूला घेतलं. अंबिका, शिल्पाच्या शेजारच्या मारोतीची मुलगी, खरोखरच दहावीत. अंगाने काटक, डोळे मोठे, आणि कोणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबायची सवय. त्या थांबण्यावरच शिल्पा भाळली होती. नवरदेव मिळेना. खोट्याखोट्या का होईना, बोहल्यावर मुलीशेजारी कोणाचं पोर बसवायचं, यावर गल्ली राजी होईना. शेवटी अंबूची मैत्रीण भाग्या नवरदेव झाली. काजळाने मिशी काढली, फेटा बांधला, बाशिंग लावलं. भाग्याच्या आईने एकच अट घातली होती: मिशी काय वाटेल तेवढी मोठी काढा, पोरीच्या अंगाला हळद लावायची नाही. आम्ही हसलो. नवरदेवाला हळद नाही, हे कॅमेऱ्यात कसं दिसेल म्हणून शिल्पा जरा कुरकुरली. मग तिनेच तोडगा काढला की नवरदेवाचा हळदीचा प्रसंगच घ्यायचा नाही.

अंबूची आई शोभाक्का हिने अशी अट घातली नव्हती. ती नुसतं म्हणाली होती, "हळदीच्या जागी बेसन कालवा की गं. पिवळंच दिसतंय."

शिल्पाने कालवून पाहिलं. बेसन गालावर सुकलं आणि त्याचे पापुद्रे निघाले. "न्हाई जमत, अक्का," शिल्पा म्हणाली. "कॅमेऱ्याला कळतंय."

शोभाक्काने बेसनाची वाटी उचलून आत नेली. कॅमेऱ्याला काय कळतं आणि काय नाही, हे तिला कुठून माहीत असणार?

शोभाक्काचं इथे थोडं सांगितलं पाहिजे, कारण या सगळ्यात जे पणाला लागलं होतं ते तिचं होतं. मारोतीच्या बहिणीचं गाव उमरग्याच्या पलीकडे, महाराष्ट्रात. तिच्या मुलासाठी ती अंबूला मागत होती. आमच्याकडे आत्याने भाची मागणं म्हणजे आपल्याच घरातली वस्तू या खोलीतून त्या खोलीत नेण्याइतकं साधं असतं. मारोतीची ना नव्हती. शोभाक्काची होती, पण ती ना म्हणत नव्हती. ती म्हणायची, "दहावी हू द्या." नवऱ्याला दहावी हू द्या, नणंदेला दहावी हू द्या. या एका वाक्याचा बांध घालून तिने ते लग्न अडवून धरलं होतं. दहावीनंतर काय म्हणायचं हे तिने ठरवलं नव्हतं. बहुधा बारावी हू द्या म्हणणार होती.

चित्रीकरण येळवशीनंतर सुरू झालं, म्हणजे पुसात. शिल्पाला तुरीच्या रानातलं ऊन हवं होतं. पौष महिन्यात आमच्याकडे लग्न होत नाही, हळद कोणाच्या अंगाला लागत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण तिला ते आठवलं नाही. पंचांग बघून पिच्चर काढायचा का, असंही कोणी म्हटलं असतं तर मीच आधी हसलो असतो.

ते दिवस फार छान होते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण होते. थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून शिल्पाच्या कॉलेजातला एक मित्र उन्हाला कोंडीत पकडत असायचा. कोंबड्या मध्येच ओरडायच्या आणि सगळं पुन्हा करावं लागायचं. गल्लीतल्या बायकांना 'कट' हा शब्द इतका आवडला की आठवडाभर भांडणं त्याच शब्दावर मिटत होती. सासू बोलायला लागली की सून म्हणायची, कट. मी धुतलेलं धोतर आणि रुमाल लावून मामा म्हणून मागे उभा राहायचो. शिल्पा सांगायची, मामा, चेहऱ्यावर काय आणू नका. तेवढं मला जमत होतं.

हळदीच्या प्रसंगासाठी तिने गंगाअक्काला बोलावलं. गल्लीतल्या प्रत्येक हळदीला गाणारी बाई. आवाज चिरलेला, पण उंच. शिल्पाने तिला समजावून सांगितलं की दोन ओळी म्हणायच्या, पाच जणींनी गालाला हात लावायचा आणि कट म्हटलं की थांबायचं. गंगाअक्का बरं म्हणाली. अंबू पाटावर बसली. गाणं सुरू झालं.

शिल्पा कट म्हणाली. कोणी थांबलं नाही.

ती पुन्हा म्हणाली. गंगाअक्काने तिच्याकडे न बघता हात केला आणि गाणं पुढे नेलं. मग पायाला हळद, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला. तेल लावलं, ओवाळलं, ओटी भरली. काही राहिलं नाही. बायका मघापर्यंत हसत होत्या, त्यांचे आवाज जड झाले. शोभाक्का दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. आणि अंबू, जी कॅमेऱ्यासमोर आली की आखडायची, ती अशी खाली मान घालून बसली होती की जणू ती तिथे नव्हतीच. सगळं संपल्यावर गंगाअक्का शिल्पाला म्हणाली, "अर्धी हळद सोडत न्हाईत, बाई."

शिल्पा कॅमेरा बंद करून माझ्याकडे आली. "मामा," ती म्हणाली, "असला शॉट जन्मात एकदा मिळतोय."

ते खरं होतं. पुढे ज्यांनी ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांना तोच प्रसंग आठवतो. बाकी सगळा अभिनय आहे हे कळतं, तेवढा एक तुकडा अभिनय वाटत नाही, असं एका जाणकार परीक्षकांनी लिहिलं. जाणकार होते यात शंका नाही.

बोहल्यावरून उठण्याचा प्रसंग शेवटच्या दिवशी घेतला. ऊन ढगाआड जात होतं, परत येत होतं, आणि प्रत्येक वेळी अंबूला उठावं लागत होतं. भाग्याची मिशी घामाने पसरायची, ती पुसून पुन्हा काढायची. शिल्पा सांगायची, अंबू, घाई करू नको. आधी हात टेकव. मग बघ समोर. मग उठ. अंबू उठायची, पाट ओलांडायची, चार पावलं जायची, परत येऊन बसायची. तिसऱ्याचौथ्या खेपेला ती आखडेनाशी झाली. शेवटी शेवटी तर ती अशी उठत होती की या गोष्टीवर काडीचा विश्वास नसलेल्या माझ्यासारख्या माणसाचाही तो थोडा थोडा बसायला लागला. बोहल्यावरून उठण्याची एवढी तालीम आमच्या मुलखात दुसऱ्या कुठल्या नवरीची झालेली नसेल.

मग अवकाळी पाऊस आला. खळ्यावर घातलेली तूर भिजली. सगळ्या गावाची भिजली, पण गावाला कारण लागतं, आणि ते समोरच होतं. पाऊस सगळ्यांच्या तुरीवर पडला होता, हळद मात्र एकट्या अंबूला लागली होती. पुसात. पुरती. पाच सवाष्णींच्या हाताने. मारोतीची बहीण भिजलेल्या तुरीची चौकशी करायला म्हणून आली आणि ओसरीवर बसून बोलली. गल्लीने ऐकावं अशा आवाजात बोलली. हळद लागलेली पोर घरात ठेवून घास कसा उतरायलाय तुमच्या घशाखाली, असं तिचं म्हणणं होतं. माघ लागला की पहिल्या मुहूर्ताला अक्षता टाकून मोकळे व्हा. शोभाक्का म्हणाली, दहावी हू द्या. नणंद म्हणाली, "हळद थांबतीय का दहावीला?"

वर्षानुवर्षं टिकलेला बांध त्या एका प्रश्नाने वाहून गेला. मारोती वाईट माणूस नाही. तो मुलीला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडायचा. पण त्याला निर्णय घ्यायला कारण हवं होतं, आणि ते आम्हीच त्याच्या अंगणात, थर्माकोल धरून, चांगल्या उजेडात तयार करून दिलं होतं.

शिल्पा कलबुर्गीहून पहिल्या बसने आली. मी तिच्याबरोबर होतो. ती पुष्कळ बोलली. शाळेचं, कायद्याचं, अंबूच्या वयाचं, गणितातल्या मार्कांचं. मारोती जोडे पुढ्यात ठेवून ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, "काका, त्यो पिच्चर व्हता."

मारोती म्हणाला, "पिच्चर तुमचा, पोरी. हळद आमची."

तिथून आम्ही गंगाअक्काकडे गेलो. तिने एक शब्द टाकला तर गल्ली ऐकेल असं शिल्पाला वाटत होतं. ती खोटी हळद होती, एवढंच म्हण, अक्का. म्हातारी तूर निवडत बसली होती. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी खोटी हळद लावलेली न्हाई गं कुणाला. कशी लावू? मला येतच न्हाई ती." आणि रडायला लागली. शिल्पाही रडली. मी दाराशी उभा होतो, चेहऱ्यावर काही न आणता.

शिल्पाने फोनवर बालविवाहाची तक्रारही केली. फोन उचलणारा माणूस सभ्य होता. त्याने गाव विचारलं, लग्न कुठे आहे विचारलं. तोवर लग्न मुलाच्या गावी, महाराष्ट्रात न्यायचं ठरलं होतं. मग ते आमच्या हद्दीत येत नाही, तो म्हणाला. महाराष्ट्रात फोन लावला, तर तिकडच्या माणसाने सांगितलं, मुलगी तुमच्याकडची आहे. सीमाप्रश्न अजून सुटलेला नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची लग्नं पाहावीत. आम्ही तो केव्हाच सोयीने वापरायला शिकलो आहोत.

माघात, पहाटेच्या अंधारात, एका जीपमध्ये माणसं बसली आणि उमरग्याकडे गेली. पत्रिका नव्हती, मांडव नव्हता, बँड नव्हता. कोणी फोटो काढू नये, फोनसुद्धा बाहेर काढू नये, अशी सक्त ताकीद होती. अंबूच्या अंगाला दुसऱ्यांदा हळद लावली की नाही, मला माहीत नाही. बहुधा नसेल. पहिली होतीच.

दहावीची परीक्षा आली तेव्हा भाग्या माझ्या दुकानात पेन घ्यायला आली. तिच्याबरोबर नेहमी अंबू असायची, म्हणून मी सवयीने दोन काढले. तिने एक परत ठेवला.

चित्रपट पुढच्या पावसाळ्यात पुरा झाला. त्याला इकडे तिकडे बक्षिसं मिळाली आणि मग बसवकल्याणात एका मोठ्या सभागृहात त्याचा खेळ झाला, मुलींच्या शिक्षणाचा जागर म्हणून. मंचावर इतक्या खुर्च्या होत्या की पडदा कुठे लावायचा हा प्रश्न पडला. शाली झाल्या, हार झाले, रोपटी देऊन झाली. एका वक्त्यांनी हळदीचा रंग जात नाही ते सांगितलं. चित्रपट सतरा मिनिटांचा होता. त्याच्या आधीचं सगळं त्याच्या कितीतरी पट होतं. संपल्यावर टाळ्या थांबेनात. अध्यक्ष उठून म्हणाले, हळदीच्या प्रसंगातली ती कन्या आज इथे आहे का? तिला मंचावर बोलवा.

शिल्पा माइकजवळ उभी होती. ती म्हणाली, "तिचं लग्न झालं."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. कोणी वाईट हेतूने नाही. तासाभरापासून प्रत्येक वाक्याला वाजवत होते, हातांना वळण लागलं होतं.

शिल्पाने नंतर दुसरा चित्रपट केला नाही. कलबुर्गीत ती आता लग्नांचे व्हिडिओ करते. काम मागायला आलेल्यांना आधी मुलीचं वय विचारते, त्यामुळे बरीच कामं जातात. आणि हळदीचं चित्रण घेत नाही. हल्ली लोक लग्नापेक्षा हळदच जास्त काढून घेतात, त्यामुळे उरलेलीही जातात. मी एकदा तिला म्हटलं, तुझी चूक नव्हती. ती म्हणाली, "बेसन चाललं असतं, मामा. त्या हॉलात कुणाला कळलं असतं?"

तर परवा मी मुडबीला गेलो तो येळवशीच्या जेवणाला, मारोतीच्या रानात. दर वर्षी बोलावतो, मी दर वर्षी काहीतरी सांगून टाळायचो. यंदा गेलो. कडब्याची कोप, आंबील, हिरव्या हरभऱ्याचा वास, सगळं जागच्या जागी. अंबू माहेरी आली होती. अंगाने भरली आहे. मांडीवर मुलगी झोपलेली. मला पाहून उठायला लागली, मी बस म्हटलं. तिने आंबील वाढली, बायकोची चौकशी केली, शिल्पाक्का काय करायलीय ते विचारलं. मग ती क्षणभर थांबली. ती सवय अजून आहे.

"मामा, त्यो पिच्चर मी बघितलाच न्हाई."

मी म्हटलं, फोनवर असेल कुठे तरी, दाखवतो.

"नगं." पोरीच्या अंगावरचा पदर तिने सारखा केला. "एकच सांगा. मी उठते का त्यात? का काढून टाकलं त्यांनी ते?"

"ठेवलंय," मी म्हटलं. "शेवट तोच आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "लई बारी उठायला लावलं व्हतं त्या दिशी." आणि भज्जी वाढायला वळली.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून शोभाक्काने चहाला घरी नेलं. समोरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, अंबूच्या लग्नाचा फोटो आहे. खऱ्या लग्नात कोणी फोटो काढला नव्हता, आणि भिंतीला तर फोटो लागतो, म्हणून शोभाक्काने शिल्पाकडून चित्रपटातला एक मागून घेतला आणि चौकट करून लावला. पाटावर अंबू, मुंडावळ्या बांधलेली, गालावर हळद, डोळे समोर, एक हात जमिनीला टेकलेला. शेजारी फेटा आणि बाशिंग घातलेला नवरदेव. मागे मी, रुमाल बांधून, चेहऱ्यावर काही नाही. येणारे-जाणारे पाहतात आणि जोडा शोभतोय म्हणतात. शोभाक्का व्हय म्हणते.

फोटोतला नवरदेव सध्या बीदरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.